साउदॅम्प्टनच्या चिखलात जन्मलेले गवत

स्पार्टिना अल्टर्निफ्लोरा हे उत्तर अमेरिकेच्या अटलांटिक किनाऱ्यावरील खाजणांत वाढणारे बहुवर्षायू गवत. इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या खाडीत त्याची नोंद 1829 मध्ये झाली. जहाजांच्या तळाशी वजनासाठी भरलेल्या माती-दगडांतून ते आले असावे, असे मानले जाते. त्याच खाडीत त्याचे खुजे युरोपीय भावंड, स्पार्टिना मारिटिमा, आधीपासून होते. दोघांचा संकर झाला आणि त्याचा नमुना 1870 मध्ये त्याच खाडीकाठच्या हाइथ येथे गोळा केला गेला.

हा संकर मात्र वांझ होता. एका जनकाची गुणसूत्रे 60, दुसऱ्याची 62. संकरात दोन्हीकडून आलेल्या संचांच्या जोड्या नीट लागत नसत, त्यामुळे बी धरत नसे आणि केवळ जमिनीखालच्या खोडांवर तो पसरत असे. पुढे 1892 च्या सुमारास त्याचे बी धरणारे रूप आढळले. त्यात गुणसूत्रांची संख्या दुप्पट, म्हणजे 120 ते 124 झाली होती, आणि प्रत्येक गुणसूत्राला स्वतःचीच प्रत जोडीदार म्हणून लाभली होती. नवी प्रजाती जन्मल्याचा काळ आणि ठिकाण इतके नेमके सांगता यावे, हे दुर्मीळच. तरीही स्पार्टिना अँग्लिका हे नाव तिला रीतसर मिळाले ते थेट 1978 मध्ये.

कोकणातल्या खाड्यांत गाळ धरून ठेवण्याचे काम बऱ्याच अंशी खारफुटी करते. जिथे थंडीमुळे खारफुटी वाढत नाही, तिथे ते अशा गवतांकडे येते. पानांवरील ग्रंथींतून जादा मीठ बाहेर टाकणारे आणि पोकळ ऊतींतून मुळांपर्यंत हवा पोहोचवणारे हे नवे गवत, स्पार्टिना अँग्लिका, भरतीच्या पाण्याचा वेग कमी करते, तेव्हा पाण्यातला गाळ खाली बसतो आणि जमीन उंचावते. किनाऱ्याची धूप थांबवण्यासाठी आणि नवी जमीन मिळवण्यासाठी ते नेदरलँड्सपासून न्यूझीलंड आणि चीनपर्यंत मुद्दाम लावले गेले, यात म्हणूनच नवल नाही. पण त्याच गुणामुळे उघडे चिखलपट्टे गवताखाली गेले. चिखलातले किडे-कृमी टिपणाऱ्या डनलिनसारख्या पाणपक्ष्यांचा चारा त्यामुळे आटला, आणि जिथे हौसेने लावले होते तिथेच ते उपटण्याच्या मोहिमा सुरू झाल्या.

ज्या दक्षिण इंग्लंडात ते जन्मले, तिथे मात्र ते 1920 च्या दशकापासून ठिकठिकाणी आपसूकच मरत आहे. त्याने स्वतःच साठवलेला बारीक गाळ पाण्याने तुंबतो, त्यातला प्राणवायू संपतो आणि त्या काळ्या, सल्फाइडयुक्त चिखलात त्याची जमिनीखालची खोडे कुजतात.