गर्भावस्थेतील तंबाखूसेवन

गर्भावस्थेतील तंबाखूसेवन : गरोदरपणी स्त्रीच्या शरीरात कोणत्याही मार्गाने तंबाखू जाणे आणि त्याचा पोटातल्या बाळावर होणारा परिणाम. यात सिगारेट-विडी ओढणे आले, मशेरी लावणे आणि तंबाखू खाणे आले, तसेच घरातल्या दुसऱ्या कुणाचा धूर श्वासात जाणेही आले. या विषयावरचे बहुतेक संशोधन युरोप-अमेरिकेतील सिगारेट ओढणाऱ्या स्त्रियांवर झाले आहे. भारतात २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात धूम्रपान करणाऱ्या स्त्रिया २ टक्के होत्या, तर धूररहित तंबाखू वापरणाऱ्या १२.८ टक्के. आपल्याकडे मुख्य प्रश्न धुराचा नाहीच. तरी सुरुवात सिगारेटपासूनच करावी लागते, कारण गर्भात नेमके काय घडते हे आधी तिथे उलगडले.

अमेरिकेत १९५७ साली विनिया सिम्पसन यांनी कॅलिफोर्नियातील सॅन बर्नार्डिनो परगण्यातल्या सुमारे साडेसात हजार बाळंतिणींच्या नोंदी तपासल्या. सिगारेट ओढणाऱ्या मातांमध्ये अपुऱ्या दिवसांच्या बाळांचे प्रमाण जवळपास दुप्पट निघाले. ब्रिटनमध्ये १९५८ साली झालेल्या जन्मांच्या मोठ्या पाहणीवर आधारलेला बटलर आणि सहकाऱ्यांचा अहवाल १९७२ साली आला. ओढणाऱ्या मातांची बाळे सरासरी १७० ग्रॅमने हलकी होती, आणि गर्भावस्थेच्या उत्तरार्धात वा जन्मानंतर लगेच होणारे मृत्यू २८ टक्क्यांनी जास्त होते. त्याच अहवालातली दुसरी गोष्ट कमी सांगितली जाते : चौथ्या महिन्यापर्यंत सवय सोडलेल्या स्त्रियांचा धोका कधीच न ओढणाऱ्यांइतका खाली आला होता.

यावर वादही झाला. संख्याशास्त्रज्ञ येरुशाल्मी यांनी १९७१ साली दाखवले, की अडीच किलोपेक्षा हलक्या बाळांपुरते पाहिले तर सिगारेट ओढणाऱ्या मातांची बाळे अधिक प्रमाणात जगतात. मग तंबाखूला दोष का द्यायचा, असा सवाल उभा राहिला. गोम तुलनेत होती. न ओढणाऱ्या आईचे बाळ हलके भरते तेव्हा त्यामागे बहुधा जन्मजात व्यंग किंवा गंभीर आजार असतो. ओढणाऱ्या आईचे बाळ निव्वळ तंबाखूमुळेही हलके भरते. म्हणजे फक्त हलकी बाळे निवडली, की एका बाजूला आजारी आणि दुसऱ्या बाजूला बरीच धडधाकट बाळे जमतात. सगळ्या जन्मांचा एकत्र हिशेब केला, तर मृत्यू ओढणाऱ्यांच्याच बाळांत जास्त दिसतात. पुढे १९८४ साली मेरीलँडमध्ये सेक्स्टन आणि हेबेल यांनी सिगारेट ओढणाऱ्या गरोदर स्त्रियांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट पाडले आणि एका गटाला सवय सोडायला मदत केली. त्या गटातील बाळे सरासरी ९२ ग्रॅमने वजनदार निघाली. मदत मिळालेल्या सगळ्याच स्त्रियांनी सिगारेट सोडली नव्हती, हे लक्षात घेता हा फरक बोलका आहे.

धुरातला कार्बन मोनॉक्साइड रक्तातील हिमोग्लोबिनला प्राणवायूच्या दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. वारेतून (बाळाला आईच्या रक्ताशी जोडणाऱ्या गर्भाशयातल्या अवयवातून) तो बाळाकडे जातो आणि तिथे त्याचे प्रमाण आईच्या रक्तातल्यापेक्षाही वर चढते. आई आधीच रक्तक्षयाची असेल, तर प्राणवायू वाहून नेणारे उरलेसुरले हिमोग्लोबिनही असे अडकून पडते. निकोटिनही वार ओलांडते. बाळाच्या रक्तात आणि गर्भजलात ते आईच्या रक्तातल्यापेक्षा जास्त सापडते. त्याने गर्भाशयाच्या रक्तवाहिन्या आकसतात. शिवाय मेंदू आणि फुप्फुसे घडत असताना पेशींवरच्या ज्या ग्राहकांमार्फत (रिसेप्टर) त्यांना वाढीचे संदेश मिळतात, तिथेच निकोटिन जाऊन बसते. तंबाखूतला कॅडमियम हा विषारी धातू मात्र बराचसा वारेतच साठतो.

परिणाम केवळ वजनापुरते नसतात. वार खाली सरकलेली असणे, प्रसूतीआधीच वार सुटून रक्तस्राव होणे, दिवस भरण्यापूर्वी प्रसूती, मृत जन्म आणि जन्मानंतर झोपेत बाळ अचानक दगावणे, या सगळ्यांचा धोका वाढतो. फुप्फुसांच्या श्वासनलिका अरुंद राहतात, मूल पुढे वारंवार घरघरते. फाटलेले ओठ किंवा टाळू हे व्यंग धूम्रपानामुळे होऊ शकते, असा निष्कर्ष अमेरिकेच्या सर्जन जनरलच्या (सरकारचे प्रमुख आरोग्य अधिकारी) २०१४ च्या अहवालात आहे. अतिचंचलता आणि बुद्ध्यांकाबाबत मात्र सावध राहिलेले बरे. एकाच आईच्या दोन मुलांची तुलना केली, की हा संबंध बराच क्षीण होतो; घरची परिस्थिती आणि आनुवंशिकता त्यात मिसळलेली असावी. वजनातली घट अशा तुलनेतही टिकून राहते.

महाराष्ट्रात आणि गोव्यात बायकांची तंबाखू म्हणजे प्रामुख्याने मशेरी, काही भागांत मिश्री. तंबाखूची पाने तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची; त्या वेळी घरभर ठसका उठतो. मग कुस्करून बारीक पूड डबीत भरायची. सकाळी उठल्यावर ती बोटावर घेऊन दातांना आणि हिरड्यांना घासायची, थोडा वेळ तोंडात तशीच ठेवायची आणि मग चूळ भरायची. अनेकींना ती लहानपणी दंतमंजन म्हणून लागते आणि पुढे दिवसातून तीन-चार वेळा लावावी लागते. “मशेरी लावल्याशिवाय पोट साफ होत नाही” हे कारण हमखास ऐकू येते, आणि ते खोटेही नाही : निकोटिनने आतड्यांची हालचाल वाढते. गरोदरपणात बद्धकोष्ठ वाढले, मळमळू लागले, की हात डबीकडे जास्तच जातो. दंतमंजनात तंबाखू घालण्यास केंद्राने १९९२ साली बंदी केली, पण घरच्या तव्यावर तिचा काय परिणाम होणार? तपासणीच्या वेळी “तंबाखू खाता का?” असे विचारले, तर मशेरी लावणारी बाई “नाही” म्हणते, आणि तिच्या मते ते खरेच असते. म्हणून मशेरीचे नाव घेऊनच विचारावे लागते.

मशेरीचा गर्भावरील परिणाम मुंबईतच मोजला गेला. प्रकाश गुप्ता आणि एस. श्रीविद्या यांनी १,२१७ गरोदर स्त्रियांचा प्रसूतीपर्यंत पाठपुरावा केला. निष्कर्ष २००४ साली प्रसिद्ध झाले. सुमारे १७ टक्के स्त्रिया धूररहित तंबाखू वापरत होत्या, त्यातही बहुतेक मशेरी. त्यांची बाळे सरासरी १०५ ग्रॅमने हलकी होती आणि साधारण सहा दिवस आधी जन्मली. याच अभ्यासाच्या २००६ च्या निबंधात मृत जन्माचे प्रमाण वापरणाऱ्यांत ८.९ टक्के, तर न वापरणाऱ्यांत ३.१ टक्के आढळले. १०५ ग्रॅम हा आकडा किरकोळ वाटतो. पण आपल्याकडे बाळाचे वजन मुळातच अडीच किलोच्या रेषेपासून (त्याखालचे बाळ कमी वजनाचे मानतात) फार वर नसते, त्यामुळे एवढ्या घटीनेही पुष्कळ बाळे रेषेखाली जातात. “बाळ लहान असले तर बाळंतपण सोपे” ही समजूत इथे घातक ठरते.

धूर नसतानाही हे घडते, यावरून निकोटिनचा स्वतंत्र वाटा दिसतो. स्वीडनमध्ये ओठाखाली ठेवायच्या स्नूस या तंबाखूच्या अभ्यासांनी त्याला दुजोरा दिला. त्यातून एक जुने कोडेही थोडे सुटले. सिगारेट ओढणाऱ्यांत गर्भावस्थेतील रक्तदाबाचा विकार कमी दिसतो. स्नूस वापरणाऱ्यांत तो कमी दिसला नाही. म्हणजे हा विचित्र फायदा निकोटिनचा नसून बहुधा धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडचा असावा. बाळासाठी मोजावी लागणारी किंमत पाहता त्याला फायदा म्हणणेही धाडसाचेच.

सवय पहिल्या चार महिन्यांत सुटली तर लाभ सर्वाधिक, पण उशिरा सोडल्यानेही वजनात फरक पडतो, कारण बाळ शेवटच्या तिमाहीतच जास्त भरते. गरोदरपणी शरीर निकोटिन लवकर निकाली काढते, त्यामुळे तलफ अधिक वेळा येते. बहुधा याच कारणाने सवय सोडण्यासाठी त्वचेवर लावायच्या नेहमीच्या मात्रेच्या निकोटिन पट्ट्या गरोदर स्त्रियांत कमी पडतात. समुपदेशन आणि घरच्यांची साथ हाच उपचाराचा कणा राहतो, आणि घरच्यांमध्ये नवरा सर्वांत आधी येतो. भारतात सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानावर २ ऑक्टोबर २००८ पासून कडक बंदी लागू झाली, तरी एका खोलीच्या घरात ओढल्या जाणाऱ्या विडीला ती लागू नाही.