उन्हाळ्याच्या आरंभीच्या तारखा आणि संगीतकारांच्या जयंत्या

उत्तर गोलार्धात मे महिन्याच्या अखेरीपासून जूनच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंतचा काळ हा उन्हाळ्याचा आरंभ मानला जातो, आणि दिनविशेषांच्या कोणत्याही यादीत हे आठवडे पाश्चात्त्य संगीतातील थोर नावांनी भरलेले दिसतात. २ जूनला एडवर्ड एल्गार, ८ जूनला रॉबर्ट शूमान, ११ जूनला रिशार्ट स्ट्राउस, १५ जूनला एडवर्ड ग्रीग, १७ जूनला शार्ल गुनो आणि इगोर स्ट्राविन्स्की, १८ जूनला पॉल मॅकार्टनी यांचा जन्म झाला. त्यांच्या शेजारीच २९ मे १४५३ रोजी तुर्कांच्या हाती पडलेले कॉन्स्टँटिनोपल, १५ जून १२१५ ची मॅग्ना कार्टा ही इंग्लंडच्या राजाने दिलेली सनद, १८ जून १८१५ ची वॉटर्लूची लढाई आणि ६ जून १९४४ रोजी नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरलेले दोस्त राष्ट्रांचे सैन्य यांचीही नोंद असते. अशा याद्या आता इतक्या सरावाच्या झाल्या आहेत की त्यांतील तारखा निसर्गानेच नेमून दिल्या असाव्यात असे वाटू लागते. वस्तुतः संगीतकाराची जयंती जाहीरपणे आणि मोठ्या प्रमाणावर पाळण्याची रीत अडीचशे वर्षांचीही नाही, आणि ती ज्या तारखांवर उभी आहे त्यांना धर्म, राज्यव्यवहार व कालगणना यांनी वेळोवेळी आकार दिला आहे.

मध्ययुगीन युरोपात सामान्य माणसाच्या जन्मदिवसाला फारसे महत्त्व नव्हते. ख्रिस्ती चर्चच्या दृष्टीने संताचा सण म्हणजे बहुधा त्याच्या मृत्यूचा दिवस, कारण त्या दिवशी तो चिरंतन जीवनात प्रवेश करतो अशी श्रद्धा होती. या नियमाला जे मोजके अपवाद होते त्यांत येशू आणि मरिया यांच्याबरोबर बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचा समावेश होतो, आणि त्याचा जन्मदिन नाताळच्या सहा महिने आधी, २४ जूनला, म्हणजे वर्षातील सर्वांत मोठ्या दिवसाच्या आसपास ठरवला गेला. याच सणासाठी रचलेल्या एका लॅटिन स्तोत्राच्या ओळी क्रमाने एकेक स्वर चढत जातात, हे अकराव्या शतकातील इटालियन भिक्षू गीदो द'आरेत्सो याने हेरले आणि त्या ओळींची आद्याक्षरे घेऊन ‘उत, रे, मी, फा, सोल, ला’ ही स्वरनामे गायकांना शिकवली. युरोपीय संगीतशिक्षणाचा पाया अशा रीतीने उन्हाळ्याच्या आरंभीच्या एका जयंतीशी जोडला गेला आहे. स्वतः गीदोचा जन्मदिवस मात्र कोणीही लिहून ठेवला नाही. पुढे कित्येक शतके हीच स्थिती राहिली. क्लॉडिओ मॉन्टेव्हर्डी याच्याबाबत इतिहासाला जी तारीख ठाऊक आहे ती १५ मे १५६७ या दिवशी क्रेमोना येथे झालेल्या बाप्तिस्म्याची आहे, कारण चर्चच्या वहीत नोंद व्हायची ती बाप्तिस्म्याची, जन्माची नव्हे.

तारखांचा दुसरा गुंता कालगणनेतून आला. युरोपात तोवर रूढ असलेल्या ज्यूलियन गणनेतील वर्ष सौर वर्षापेक्षा सुमारे अकरा मिनिटांनी मोठे असल्यामुळे सव्वाशे-एकशेतीस वर्षांत एका दिवसाची तफावत पडत असे. १५८२ साली पोप तेरावा ग्रेगरी याने ही चूक दुरुस्त करण्यासाठी ४ ऑक्टोबरनंतरचा दिवस १५ ऑक्टोबर मानावा असा आदेश काढला. कॅथलिक देशांपैकी बहुतेकांनी तो लवकर स्वीकारला, ब्रिटनने १७५२ पर्यंत आणि रशियाने १९१८ पर्यंत जुनी गणना चालू ठेवली. त्यामुळे एकच घटना दोन देशांत दोन तारखांना घडलेली दिसते. २७ जून १७४३ रोजी जर्मनीतील डेटिंगेन येथे इंग्लंडचा राजा दुसरा जॉर्ज स्वतः रणांगणावर उतरून फ्रेंचांशी लढला, परंतु लंडनच्या दिनदर्शिकेत तो दिवस १६ जून होता. मॅग्ना कार्टा आणि कॉन्स्टँटिनोपलचा पाडाव या तर १५८२ पूर्वीच्या घटना. त्यांचे स्मरणदिन आजही जुन्या तारखांनाच पाळले जातात. आजच्या गणनेने मोजल्यास ते अनुक्रमे २२ जून आणि ७ जून येतील.

रशियन संगीतकारांच्या जयंत्यांवर या तफावतीचा सर्वाधिक परिणाम झाला. मिखाइल ग्लिंकाचा जन्म जुन्या गणनेने २० मे १८०४ ला झाला, नव्या गणनेने ती तारीख १ जून ठरते. स्ट्राविन्स्कीची गोष्ट आणखी विचारात पाडणारी आहे. त्याचा जन्म सेंट पीटर्सबर्गजवळच्या ओरानियेनबाउम येथे ५ जून १८८२ रोजी झाला. एकोणिसाव्या शतकात दोन्ही गणनांतील अंतर बारा दिवसांचे असल्यामुळे नवी तारीख १७ जून होते. परंतु १९०० हे ज्यूलियन गणनेत लीप वर्ष होते आणि ग्रेगोरियन गणनेत नव्हते, त्यामुळे विसाव्या शतकात हे अंतर तेरा दिवसांचे झाले, आणि रशियाबाहेर आयुष्य काढणारा स्ट्राविन्स्की ५ जूनशी जुळणारा दिवस म्हणून आपला वाढदिवस १८ जूनला साजरा करू लागला. चरित्रकोशांत १७ आणि त्याच्या घरी १८, या दोन्ही तारखांमागे नीट हिशेब आहे, आणि म्हणूनच दिनविशेष लिहिणाऱ्याने कोणत्या गणनेने तारीख दिली आहे हे पाहणे आवश्यक ठरते.

संगीतकाराची जयंती हा सार्वजनिक सोहळा होण्याची खरी सुरुवात जॉर्ज फ्रेडरिक हँडेल याच्यापासून धरावी लागते. हँडेलचा जन्म २३ फेब्रुवारी १६८५ रोजी जर्मनीतील हाल्ले येथे झाला, आणि १७५९ साली लंडनमध्ये त्याचे निधन झाले. इंग्लंडमध्ये १७५२ पर्यंत कायदेशीर नवे वर्ष २५ मार्चला सुरू होत असल्यामुळे तेथे फेब्रुवारी महिना मागल्या वर्षात मोजला जाई. लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबी या चर्चमधील त्याच्या स्मारकावरही जन्मवर्ष १६८४ असेच कोरले गेले. त्या आधारावर १७८४ हे त्याच्या जन्माचे शताब्दी वर्ष आणि मृत्यूचे पंचविसावे वर्ष असा दुहेरी योग मानून काही सरदार आणि संगीतप्रेमींनी त्याच्या स्मरणार्थ मोठ्या मैफलींची योजना आखली, आणि राजा तिसरा जॉर्ज याने तिला आश्रय दिला. मैफली एप्रिलमध्ये व्हायच्या होत्या. त्या वर्षी पार्लमेंट अचानक विसर्जित होऊन निवडणुका लागल्या, म्हणून त्या पुढे ढकलाव्या लागल्या आणि अखेर २६, २७ व २९ मे या दिवशी झाल्या. प्रतिसाद इतका मोठा होता की ३ आणि ५ जूनला आणखी दोन मैफली घ्याव्या लागल्या. पाचशेहून अधिक गायक-वादक एकत्र बसवण्यासाठी वास्तुविशारद जेम्स वायट याने ॲबीच्या आत तात्पुरती आसनव्यवस्था उभारली, जोआ बेट्स याने ऑर्गनवर बसून या प्रचंड ताफ्याचे संचालन केले, आणि २९ मे रोजी हँडेलचा ‘मसाया’ हा ओरॅटोरिओ, म्हणजे गायक व वाद्यवृंदासाठीची धार्मिक संगीतकथा, सादर झाला. उत्पन्नाचा मोठा भाग निराधार झालेल्या संगीतकारांना मदत करणाऱ्या निधीला देण्यात आला. संगीताचा इतिहासकार चार्ल्स बर्नी याने या सोहळ्याचा सविस्तर वृत्तांत पुढच्याच वर्षी प्रसिद्ध केला, त्यामुळे त्याची कीर्ती युरोपभर पसरली.

या प्रसंगाचे मोल केवळ भव्यतेत नाही. त्या काळापर्यंत संगीत हे बहुधा हयात रचनाकाराचे आणि ताजे असे, रचनाकार गेला की त्याच्या कृतीही हळूहळू मागे पडत. पंचवीस वर्षांपूर्वी मरण पावलेल्या संगीतकाराच्या कृतींसाठी राजा, सरदार आणि हजारो श्रोते एकत्र येतात, हे दृश्यच नवे होते. शताब्दीचे वर्ष एकाने चुकले होते, सोहळ्याचा हंगाम निवडणुकीने ठरवला होता, आणि तरीही त्यातून जी रीत पडली ती टिकली. पुढील काही वर्षे ॲबीमध्ये हँडेल महोत्सव होत राहिले. १७९१ च्या उन्हाळ्याच्या आरंभी झालेल्या महोत्सवाला लंडनमध्ये आलेला जोसेफ हायडन उपस्थित होता. तेथे ऐकलेल्या समूहगायनाचा ठसा त्याच्या पुढच्या ‘सृष्टी’ या ओरॅटोरिओवर उमटला, असे संगीताचे अभ्यासक मानतात.

हायडनच्या अखेरच्या दिवसांत इतिहास आणि संगीत यांची जी गाठ पडली ती या सगळ्या तारखांत मला सर्वांत हृदयस्पर्शी वाटते. मे १८०९ मध्ये नेपोलियनच्या सैन्याने व्हिएन्नावर तोफा डागल्या, १३ मे रोजी शहर शरण आले, आणि २१ व २२ मे रोजी जवळच आस्पर्न येथे घनघोर लढाई झाली. सत्त्याहत्तर वर्षांचा हायडन तेव्हा शहराच्या उपनगरातील आपल्या घरी अंथरुणाला खिळत चालला होता. ऑस्ट्रियाच्या सम्राटासाठी त्याने १७९७ साली रचलेले राष्ट्रगीत तो त्या काळात पियानोवर पुन्हा पुन्हा वाजवीत असे. २६ मे रोजी त्याने ते तीन वेळा वाजवले, आणि त्यानंतर पाचव्या दिवशी, ३१ मे रोजी, त्याचे निधन झाले. शत्रूपक्षाच्या फ्रेंचांनीही त्याचा मान राखला, त्याच्या घरापाशी पहारा ठेवला होता, आणि १५ जून रोजी शॉटेनकिर्श या चर्चमध्ये झालेल्या स्मरणसभेत मोझार्टचा ‘रेक्विएम’, म्हणजे मृतांसाठीच्या प्रार्थनेचे संगीत, गायला गेला. ज्या सम्राटाच्या सन्मानार्थ ते गीत होते त्याचे राज्य पुढे लयाला गेले. त्या गीताची चाल मात्र आज जर्मनीचे राष्ट्रगीत म्हणून गायली जाते.

एकोणिसाव्या शतकात जयंती आणि स्मृतिदिन हे संस्था उभारण्याचे निमित्त बनले. स्वतः ८ जून १८१० रोजी त्स्विकाऊ येथे जन्मलेल्या शूमानचे उदाहरण येथे महत्त्वाचे आहे. बॉन येथे बेटोफनचे स्मारक व्हावे यासाठी निधी जमवण्याच्या हेतूने त्याने १८३६ साली पियानोसाठीची एक मोठी रचना हाती घेतली. पुढे ती ‘फँटसी’ म्हणून प्रसिद्ध झाली आणि फ्रान्झ लिस्टला अर्पण करण्यात आली. १८५० साली बाखच्या मृत्यूला शंभर वर्षे झाली तेव्हा त्याच्या सर्व कृती प्रसिद्ध करण्यासाठी लायपझिगमध्ये जी संस्था स्थापन झाली तिच्या प्रवर्तकांत शूमान होता. त्या संस्थेचे काम १९०० पर्यंत चालले, आणि आज बाख ज्या पूर्णतेने वाजवला जातो त्याचा पाया त्या एका स्मृतिवर्षाने घातला.

राजसत्तेच्या तारखांनाही संगीताने साथ दिली, परंतु तारखा नेहमीच पाळल्या गेल्या नाहीत. इंग्लंडचा राजा सातवा एडवर्ड याचा राज्याभिषेक २६ जून १९०२ रोजी ठरला होता आणि ३० जूनच्या सोहळ्यासाठी एल्गारने एक अभिषेक-स्तोत्र रचले होते. राजाला ऐनवेळी शस्त्रक्रियेला सामोरे जावे लागल्याने राज्याभिषेक ऑगस्टपर्यंत पुढे ढकलला गेला, ३० जूनचा सोहळा रद्द झाला आणि ती रचना ऑक्टोबरमध्ये शेफील्ड येथे प्रथम ऐकवली गेली. दुसऱ्या एलिझाबेथचा राज्याभिषेक २ जून १९५३ रोजी, म्हणजे एल्गारच्या शहाण्णवाव्या जन्मदिनी झाला, पण हा निव्वळ योगायोग होय. योगायोग आणि संबंध यांतला हा फरक राखला नाही तर दिनविशेष हे आकड्यांचे खेळ होऊन बसतात. २९ मे या तारखेपुरते बोलायचे तर १४५३ च्या पाडावाचा संगीताशी खरा संबंध आहे, कारण पंधराव्या शतकातील संगीतकार गियोम द्युफाय याने त्या शहरासाठी विलापगीत रचले. त्याच तारखेला १९१३ साली पॅरिसमध्ये स्ट्राविन्स्कीच्या ‘वसंताचा विधी’ या बॅलेच्या पहिल्या प्रयोगात प्रेक्षागृहात गदारोळ झाला, ही घटनाही मोठी आहे, परंतु तिचा कॉन्स्टँटिनोपलशी काहीही संबंध नाही.

१८ जूनबाबतही हेच म्हणता येईल. वॉटर्लू येथे नेपोलियनवर मिळवलेल्या विजयाचे स्मरण म्हणून ब्रिटिश सेनापती वेलिंग्टन दरवर्षी त्या तारखेला मेजवानी देत असे, आणि १८५२ पर्यंत हा परिपाठ चालू होता. बरोबर १२५ वर्षांनी, १८ जून १९४० रोजी, फ्रेंच सेनानी शार्ल द गोल यांनी बीबीसीवरून फ्रेंच जनतेला लढा चालू ठेवण्याचे आवाहन केले. त्या भाषणाचे ध्वनिमुद्रण जपले गेले नाही, लोक जे ऐकतात ते २२ जूनचे भाषण आहे. दोन वर्षांनी त्याच तारखेला, बॉम्बहल्ल्यांनी होरपळलेल्या लिव्हरपूलमध्ये, पॉल मॅकार्टनी यांचा जन्म झाला. त्यांचे वडील एके काळी जॅझ वाद्यमेळ चालवीत आणि युद्धकाळात स्वयंसेवक म्हणून आगी विझवण्याचे काम करीत. येथे वॉटर्लूशी नाते जोडण्याचे कारण नाही, पण युद्धकाळात वाढलेल्या त्या शहराशी मॅकार्टनींच्या संगीताचे नाते नक्कीच आहे.

२१ जूनला दोन वेगळ्या प्रकारचे महत्त्व आहे. १८१३ साली या दिवशी वेलिंग्टनने स्पेनमधील व्हितोरिया येथे नेपोलियनचा भाऊ जोसेफ बोनापार्ट याच्या सैन्याचा पराभव केला, आणि बेटोफनने या विजयावर रचलेली वाद्यवृंदाची कृती ८ डिसेंबरला व्हिएन्नात, जखमी सैनिकांच्या मदतीसाठी झालेल्या मैफलीत सादर झाली. त्याच मैफलीत त्याची सातवी सिंफनीही प्रथम वाजवली गेली. युद्धावरील रचनेने त्या वेळी टाळ्या मिळवल्या, तर काळाच्या कसोटीवर सिंफनी उतरली. पुढे १९८२ साली फ्रान्सचे सांस्कृतिक मंत्री जॅक लांग आणि त्यांच्या खात्यातील संगीत विभागाचे प्रमुख मोरिस फ्लरे यांनी एका संगीत-उत्सवासाठी ही तारीख निवडली ती कोणाच्याही जन्मासाठी वा विजयासाठी नव्हे, तर तो वर्षातील सर्वांत मोठा दिवस असतो म्हणून. देशातील सुमारे पन्नास लाख लोक एखादे वाद्य वाजवतात असे एका पाहणीत आढळले होते, आणि या लोकांनी रस्त्यावर येऊन विनामूल्य वाजवावे, ही त्यामागची कल्पना होती. हौशी आणि व्यावसायिक असा भेद त्यात मुद्दामच ठेवला नव्हता. १९८५ हे बाख, हँडेल आणि डोमेनिको स्कार्लाटी या तिघांच्या जन्माचे तीनशेवे वर्ष असल्यामुळे ते युरोपीय संगीत वर्ष म्हणून जाहीर झाले, आणि त्या निमित्ताने २१ जूनचा हा उत्सव फ्रान्सबाहेरच्या शहरांनीही स्वीकारला. आता शंभराहून अधिक देशांत तो पाळला जातो.