ठिणगीला ठाऊक असतं तिचं वय

यंदाचं दिवाळीचं शुभेच्छापत्र मी प्रोग्राम लिहून केलं. अंधारं अंगण, मधोमध भुईनळा, पुढे पणत्यांची रांग. कार्ड उघडलं की भुईनळा उडू लागतो.

हलतं चित्र म्हणजे भराभर दाखवलेली स्थिर चित्रं. ब्राउझर पडदा साधारणपणे सेकंदाला ६० वेळा नव्याने रंगवतो, म्हणजे एका चित्राला, एका 'फ्रेम'ला, जेमतेम १६-१७ मिलिसेकंद मिळतात. तेवढ्यात शेकडो ठिणग्या सरकवायच्या. सुरुवातीला मी प्रत्येक ठिणगीसाठी वेगवेगळे व्हेरिएबल, म्हणजे आकडे ठेवायचे नाव दिलेले डबे, ठेवले होते. दहाव्या ठिणगीपर्यंत कुठला आकडा कुणाचा, तेच कळेना.

मग 'ठिणगी' नावाचा क्लास लिहिला. क्लास म्हणजे सोऱ्या आणि त्यातून पडणारी प्रत्येक चकली म्हणजे ऑब्जेक्ट, इथवर उपमा चालते. पण चकली पडली की पडून राहते. ठिणगी मात्र आपली जागा, आपला वेग आणि आपलं उरलेलं आयुष्य स्वतःजवळ बाळगते. तिला कामंही येतात: सरकणं आणि स्वतःला रंगवणं. मुख्य प्रोग्रामने फक्त म्हणायचं, 'सगळ्याजणी एकेक पाऊल सरका.'

हे सरकणं जवळून बघण्यासारखं आहे. पडद्यावर उभी मोजणी वरून खाली होते, शाळेतल्या आलेखाच्या उलट. म्हणून वर उडणाऱ्या ठिणगीचा वेग उणे. समजा ती दर फ्रेमला उणे १२ पिक्सेल (पडद्यावरचे ठिपके) या वेगाने निघाली. दर फ्रेमला तिच्या वेगात ०.२ मिळवायचे, हे आपलं गुरुत्वाकर्षण. उणे ११.८, उणे ११.६ असं करत साठाव्या फ्रेमला, म्हणजे एका सेकंदात, वेग शून्य होतो. तोवर ती सुमारे ३५० पिक्सेल वर पोचलेली असते. पुढे तीच बेरीज तिला खाली आणते. कमानीचं सूत्र प्रोग्राममध्ये कुठेच नाही! आडवा वेग प्रत्येकीला थोडा निराळा दिला, की फुलोरा आपोआप उमलतो. मला या सगळ्यात हेच सर्वांत सुंदर वाटतं.

अशा समूहाला 'पार्टिकल सिस्टीम' म्हणतात. आग, ढग, पाणी अशा नेमकी कड नसलेल्या गोष्टींसाठी लुकासफिल्म या चित्रपट कंपनीतल्या विल्यम रीव्ह्ज यांनी १९८३ च्या शोधनिबंधात ही पद्धत मांडली. क्लास आणि ऑब्जेक्ट त्याहून जुने. ऑस्लोमध्ये ओले-योहान डाल आणि क्रिस्टन नीगार्ड यांनी 'सिम्युला ६७' या भाषेत ते आणले. त्यांना खऱ्या जगातल्या घडामोडी संगणकावर घडवून बघायच्या होत्या. म्हणजे भुईनळा हा या विचाराच्या अगदी घरचाच विषय.

माझी एक चूक मात्र महागात पडली. दर फ्रेमला ५ नव्या ठिणग्या, म्हणजे मिनिटाला १८,०००. प्रोग्राम सगळ्या ठिणग्यांची एक यादी ठेवतो, आणि विझलेल्या ठिणग्या मी त्या यादीतून काढल्याच नव्हत्या. दिसत नसल्या तरी त्या सरकतच होत्या. आईच्या जुन्या फोनवर कार्ड अडखळायला लागलं, तेव्हा लक्षात आलं. काढतानाही यादी शेवटाकडून तपासायची. पुढून तपासताना तिसरी काढली, की चौथी तिच्या जागी सरकते, आपण चौथ्या जागेकडे वळतो आणि ती तपासायची राहून जाते.

भुईचक्राला नवा क्लास पहिल्यापासून लिहावा लागला नाही. जागा, वेग, आयुष्य सगळं 'ठिणगी'कडून वारशाने आलं, फक्त निघण्याची दिशा फिरती ठेवली. सोऱ्या तोच, चकती बदलली की शेव.

पणत्यांनी जास्त वेळ घेतला. ज्योतीची उंची दर फ्रेमला यादृच्छिक आकड्याने ठरवली, तर ती बिघडलेल्या ट्यूबलाइटसारखी लुकलुकते. त्याऐवजी संगणकशास्त्रज्ञ केन पर्लिन यांनी शोधलेला 'नॉइज' वापरला. त्यातला प्रत्येक आकडा आधीच्या आकड्याच्या जवळपास राहतो, त्यामुळे ज्योत संथ डोलते. पण आता सगळ्या ज्योती कवायतीसारख्या एकदम डोलू लागल्या, कारण सगळ्यांची सुरुवात एकाच आकड्यापासून होत होती. 'पणती' क्लासमध्ये एक ओळ वाढवली: जन्मतःच प्रत्येकीला तिची वेगळी सुरुवात. आता वारा एकच असल्यासारखा वाटतो आणि ज्योती मात्र आपापल्या हलतात.