वांद्र्याची घरं : आधी समुद्र, मग ‘सी-फेसिंग’

वांद्र्याच्या चिंबईत सकाळी गेलं तर वाळूवर ओढलेल्या होड्या दिसतात, शेजारी जाळी पसरलेली असतात आणि मागून टॉवर डोकावत असतात. कोळ्याला समुद्र म्हणजे कामाची जागा. तो खिडकीतून दिसावा म्हणून जास्तीचे पैसे मोजायचे, हे खूळ इथे फार उशिरा आलं.

मूळचं वांद्रे म्हणजे पाखाड्या, म्हणजे छोट्या वस्त्या, आणि भातशेती. चिंबई, रानवर, पाली, शेर्ली, राजन ही त्यातली काही नावं. इथले ख्रिस्ती मराठीचीच एक बोली बोलणारे. गोवा-मंगळूरकडून आलेल्या ख्रिस्ती मंडळींपासून आपली ओळख वेगळी राहावी म्हणून 1887 मध्ये, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाला पन्नास वर्षं होत असताना, त्यांनी ‘ईस्ट इंडियन’ हे नाव घेतलं. पश्चिम किनाऱ्यावरची माणसं आणि नाव ‘ईस्ट’, हा विनोद त्यांनाही ठाऊक आहे.

1845 मध्ये माहीम कॉजवे झाला आणि खाडी ओलांडायला होडीची गरज उरली नाही. 1867 मध्ये लोकल सुरू झाली. तरी वांद्रे खऱ्या अर्थाने भरू लागलं ते 1896 च्या प्लेगनंतर. शहरातल्या कोंदट चाळींतून माणसं मोकळ्या हवेकडे निघाली. प्लेगही मागोमाग आलाच. गल्लीच्या तोंडाशी उभे असलेले कित्येक क्रूस त्याच भीतीतून उभारलेले आहेत. रानवरची जुनी घरं बघा: कौलारू छप्पर, लाकडी सज्जा आणि बाहेरून वर जाणारा जिना. वरच्या मजल्यावरच्या बिऱ्हाडाला मालकाच्या घरात पाऊलही न टाकता ये-जा करता येते.

शेतांचे प्लॉट पडले ते पुढच्या काळात. 1918 मध्ये सॉल्सेट कॅथलिक सहकारी गृहनिर्माण संस्था स्थापन झाली आणि सभासदांचे बागबगीच्याचे बंगले उठले. पाली हिलवर साहेब, पारशी आणि नंतर सिनेमावाले आले. ही गोष्ट सगळ्यांना माहीत आहे, म्हणून तिथे थांबत नाही.

मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते 1947 चं भाडेनियंत्रण. भाडं 1 सप्टेंबर 1940 च्या पातळीला बांधलं गेलं. मालकाला डागडुजी परवडेना, भाडेकरू हलेना. त्यातून पागडी फोफावली: नवा भाडेकरू एकरकमी पैसे मोजणार, त्यातला ठरलेला वाटा मालकाला, बाकी जुन्या भाडेकरूला. बरीच वर्षं हे बेकायदेशीर होतं आणि सर्रास चालत होतं. 1999 च्या कायद्याने अखेर त्याला मान्यता दिली.

दुसरा खोडा समुद्राकडून आला. 19 फेब्रुवारी 1991 च्या सीआरझेड (किनारी नियमन क्षेत्र) अधिसूचनेने भरतीरेषेपासून 500 मीटरपर्यंतच्या बांधकामावर बंधनं घातली. बांधलेल्या भागात एफएसआय, म्हणजे जागेच्या मानाने किती बांधकाम करता येईल याचं प्रमाण, त्या तारखेच्या नियमांवर गोठला. आतल्या गल्लीत टीडीआर, म्हणजे दुसऱ्या जागेवरचा बांधकामाचा हक्क, चढवून मजले वाढत होते, तेव्हा किनाऱ्यालगतच्या जुन्या इमारतींना ती सोय नव्हती. 2019 च्या अधिसूचनेने हे बरंचसं सैल झालं आणि समुद्राकाठच्या कार्टर रोडवरच्या सोसायट्यांच्या पुनर्विकासाच्या सभांना अचानक कोरम भरू लागला.

त्याआधी 2009 मध्ये सी-लिंक झालाच होता. वरळी हाकेवर आली आणि ब्रोकरच्या तोंडी ‘व्हिलेज चार्म’ आला. गंमत अशी, की तो ज्या सरमिसळीचे पैसे मागतो, कोळीवाड्याला खेटून बंगला, बंगल्याला खेटून पागडीची इमारत, ती कुणी आखलेलीच नव्हती. बराचसा भाग निव्वळ अडकून पडला, म्हणून टिकला.

गावठाणात आजही तेच. घराच्या प्रॉपर्टी कार्डावर पणजोबांचं नाव असतं. वारस दोन डझन. कुणी वसईला, कुणी कॅनडात, कुणी ऑस्ट्रेलियात. सह्या सगळ्यांच्या हव्यात. बिल्डरचा माणूस येतो, ओट्यावर बसून चहा पितो, कार्डाचा फोटो काढून नेतो आणि सहा महिन्यांनी पुन्हा येतो.