मार्च-एप्रिलची हिमालय सहल : हवामानाचा अंदाज कसा वाचाल?

"मोबाइलवर मनालीत नुसता पाऊस दाखवतोय, मग आज सिस्सूला का नेत नाही?" या मोसमात हा प्रश्न आम्हाला सगळ्यात जास्त विचारला जातो, आणि तो रास्तच आहे.

मनाली सुमारे २,०५० मीटर उंचीवर आहे, तर सिस्सूला जाताना लागणाऱ्या अटल बोगद्याचं तोंड ३,००० मीटरच्याही वर. दर हजार मीटर चढलं की हवा साधारण साडेसहा अंशांनी गार होते. ढगाळ, दमट हवेत थोडी कमी. मनालीत ६ अंशांवर पाऊस लागला असेल, तर बोगद्यापाशी पारा शून्याजवळ आणि वरून बर्फ, असं सहज घडतं. बोगदा नऊ किलोमीटर लांब आणि आतून कोरडा. अडचण असते ती तिथवर पोहोचवणाऱ्या निसरड्या रस्त्याची. बर्फ ताजा असेल तर प्रशासन बहुधा फोर बाय फोर किंवा चाकांना साखळ्या लावलेल्या गाड्याच पुढे सोडतं. म्हणून आधी बघा, अंदाज कुठल्या उंचीचा आहे.

हा पाऊस-बर्फ आणतो तो पश्चिमी विक्षोभ, म्हणजे कमी दाबाची एक सरकती प्रणाली. भूमध्य समुद्राच्या बाजूने उंचावरच्या पश्चिमी वाऱ्यांबरोबर तो आपल्याकडे येतो. येणार हे काही दिवस आधी कळतं. पण कोणत्या खोऱ्यात किती बर्फ पडेल, याचं चित्र फक्त दोन-तीन दिवस आधी जरा स्पष्ट होतं. दहा दिवसांपुढचा अंदाज पाहून कृपया बुकिंग रद्द करू नका. निघायच्या तीन दिवस आधीपासून मात्र रोज बघा.

भारतीय हवामान विभागाचं पत्रक वाचताना एक गोष्ट ध्यानात ठेवा. 'तुरळक ठिकाणी' म्हणजे त्या विभागातल्या जास्तीत जास्त पाव भागात. तो पाव भाग तुमचाही असू शकतो, म्हणून तुरळक वाचून छत्री घरी ठेवू नका. पिवळा इशारा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा. नारिंगी किंवा लाल असेल तर आम्ही उंचावरचा कार्यक्रम हलवतो, त्यावर घासाघीस नको, ही मनापासून विनंती.

वसंतातली वादळं बहुतेक दुपारनंतर उठतात, कारण तोवर उन्हाने जमीन तापलेली असते. दुपारच्या उन्हात ताजा बर्फ सैल होतो आणि हिमकडे कोसळण्याचा धोका वाढतो. पहाटे लवकर निघायचा आमचा आग्रह त्यासाठीच. गडगडाट ऐकू आला की उघड्या माळावरून, एकट्या झाडाखालून निघून गाडीत किंवा पक्क्या इमारतीत या, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास तिथेच थांबा. विजेची सूचना देणारं 'दामिनी' हे अ‍ॅप निघण्यापूर्वीच मोबाइलवर घेऊन ठेवा.

कपड्यांत एक जाड जॅकेट पुरत नाही. आत लोकर, वर पाणी न शिरणारा थर आणि मोज्यांचे जादा जोड हवेतच. भिजलेल्या पायांनी थंडी फार लवकर भरते.

मार्गातला बदल आम्ही आदल्या रात्री सहलप्रमुखांमार्फत कळवतो आणि पहाटे पुन्हा तपासतो. परतीचं विमान शक्यतो डोंगरातून उतरल्याच्या दुसऱ्या दिवशीचं घ्या.