‘पुढे पाठवा, नराधम पकडला जाईल’

वर्षानुवर्षं फिरणारा हा मेसेज: मुलावरच्या लैंगिक अत्याचाराचा व्हिडिओ जितका पसरेल, तितका आरोपी लवकर सापडेल. पाठवणाऱ्याची कळकळ खरी असते. तपास मात्र उलट्या दिशेने चालतो.

पोलिसांना शोधायची असते ती पहिली प्रत: कुठून अपलोड झाली, कोणत्या खात्यावरून, कोणत्या फोनमधून. व्हॉट्सअॅपवर पाठवताना व्हिडिओ सहसा दाबून लहान केला जातो आणि मूळ फाइलमधली वेळ-ठिकाणाची माहिती गळते. स्वतःच पाहा. घरातल्या कुंडीचा फोटो काढून दुसऱ्या फोनवर पाठवा आणि दोन्हीकडचा आकार आणि ‘डिटेल्स’ ताडून बघा.

दुसरी बाजू कायद्याची. असं साहित्य पुढे पाठवणं हाच माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६७ब खाली गुन्हा आहे, पहिल्या वेळी ५ वर्षांपर्यंत कैद. हेतू चांगला होता म्हणून मुलाचा चेहरा गावभर झालेला परत येत नाही. पोक्सोच्या (मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या कायद्याच्या) कलम २३ने माध्यमांनाही त्याची ओळख उघड करायला बंदी केली आहे. दोन्ही कलमं सरकारच्या ‘इंडिया कोड’ संकेतस्थळावर वाचता येतात.

मग करायचं काय? लिंक, नंबर, वेळ टिपून घ्या आणि पोलिसांत किंवा सरकारी सायबर गुन्हे पोर्टलवर कळवा. तिथे नाव न देताही तक्रार करता येते. मूल संकटात असेल तर १०९८ या चाइल्डलाइनच्या नंबरवर फोन करा.