कालच्या काळाचे उत्खनन

आठवड्याला घरात किती दारू प्यायली जाते, असे विचारले की घरचे लोक एक आकडा सांगतात आणि त्याच घराच्या कचऱ्यातल्या बाटल्या दुसराच. पुरातत्त्वज्ञ विल्यम रॅथजे यांनी 1973 मध्ये अमेरिकेतल्या अ‍ॅरिझोना विद्यापीठात कचऱ्याचा प्रकल्प सुरू केला. टूसॉन शहरातल्या घरांचा ताजा कचरा पुरातत्त्वाच्या शिस्तीने निवडताना ही तफावत पुन्हा पुन्हा दिसली. त्याच वर्षी गोमांसाचा तुटवडा होता, पण कचऱ्यात फेकलेले गोमांस उलट वाढले होते. टंचाईच्या धास्तीने लोकांनी जास्त साठवले, नेहमीपेक्षा वेगळे तुकडे विकत घेतले आणि ते नीट वापरता आले नाहीत. यात कोणी मुद्दाम खोटे बोलत नव्हते. आपण रोज काय करतो याची नोंद आपल्या डोक्यात राहतच नाही, ती वस्तूंमध्ये राहते. अलीकडच्या काळासाठी कागदपत्रे, छायाचित्रे आणि जिवंत साक्षीदार असतानाही पुरातत्त्वाची गरज पडते ती यामुळे.

पुढे या गटाने कचराडेपोच खणले. बादलीच्या आकाराच्या मोठ्या गिरमिटाने खोल भोक पाडायचे, ठरावीक खोलीवर बाहेर आलेला माल वेगळा ठेवायचा, त्याचे वजन करायचे, तो चाळायचा आणि प्रकारवार वाटायचा. थराचे वय ठरवायला वर्तमानपत्रे उपयोगी पडली, कारण पुरून कित्येक वर्षे झाल्यावरही त्यांच्यावरची तारीख स्वच्छ वाचता येत होती. दाबून भरलेल्या कचऱ्यात हवा आणि ओल कमी पोचते, म्हणून कुजणे फार मंदावते. डेपोची जागा डायपर आणि झटपट खाण्याची वेष्टने खातात, असा त्या वेळी सार्वत्रिक समज होता. मोजल्यावर डायपर आकारमानाने 2 टक्क्यांच्या आत आणि ही वेष्टने 1 टक्क्याच्याही आत निघाली. कागद मात्र 40 टक्क्यांच्या आसपास होता. हे काम जोखमीचे असते. सुया आणि काचांसाठी न कापले जाणारे हातमोजे लागतात, धनुर्वाताची लस घ्यावी लागते, आणि कचऱ्यातून निघणाऱ्या ज्वालाग्राही मिथेन वायूमुळे भोकाजवळ ठिणगीही चालत नाही. नावे आणि खासगी पत्रे नोंदीत घ्यायची नाहीत, हा नियम तितकाच महत्त्वाचा.

वस्तू इतकी अलीकडची असेल तर तिचे वय काढणे सोपे, असे वाटते. इथेच नवखे फसतात. ओढून पूर्ण निघणारी कडी असलेला डबा 1960 च्या दशकापासूनचा, डब्यालाच चिकटून राहणारी कडी 1975 नंतरची, दुकानात बारकोड पहिल्यांदा वाचला गेला तो 1974 मध्ये. पण यातून फक्त ‘याच्या आधीचा नाही’ एवढेच कळते. बाटली वर्षानुवर्षे पुन्हा भरली जाते, भांडे पिढीभर वापरात राहते. थर त्यातल्या सर्वांत नव्या वस्तूच्या आधीचा नसतो, पण हेही थर शाबूत असेल तरच. उंदराचे बीळ किंवा पाण्याच्या नळासाठी खणलेला चर यांतून वरची वस्तू सहज खाली जाते. म्हणून खणताना मातीचा रंग कुठे बदलला, ती कुठे भुसभुशीत लागली, हे वस्तू उचलण्याआधी टिपावे लागते.

सेंद्रिय वस्तूतल्या किरणोत्सारी कार्बनवरून (कार्बन-14) वय काढण्याची पद्धत साधारण 1650 ते 1950 या काळात फारशी कामाची नाही. एकाच मापाला अनेक कालखंड जुळतात, त्यात कोळसा आणि तेलाच्या धुराने हवेतला कार्बन-14 पातळ केला. मात्र 1950 च्या दशकापासून अणुचाचण्यांनी तो वाढवला आणि उत्तर गोलार्धात 1963 च्या सुमारास तो जवळपास दुप्पट झाला. त्यानंतर तो उतरत आहे, त्यामुळे त्या काळातल्या सेंद्रिय वस्तूचे वय काही वर्षांपर्यंत बारकाईने सांगता येते. अडचण एकच: तेच प्रमाण चढताना एकदा आणि उतरताना पुन्हा येते. यातले कोणते वर्ष खरे, ते ठरवायला दुसरा पुरावा हवा. तळ्याच्या गाळात सिझियम-137 या अणुचाचण्यांतूनच पसरलेल्या किरणोत्सारी पदार्थाचे शिखरही साधारण 1963 लाच येते, म्हणून गाळाचे थर त्याच्याशी ताडून पाहतात.

काही ठिकाणी खणताच येत नाही. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर 2022 मध्ये जस्टिन वॉल्श आणि अ‍ॅलिस गॉर्मन या पुरातत्त्वज्ञांनी अंतराळवीरांकडून सहा जागी चिकटपट्टीने सुमारे 1 मीटरचे चौकोन आखून घेतले आणि 60 दिवस त्यांची रोज छायाचित्रे काढवली. चौकोन हाच इथला खड्डा आणि प्रत्येक दिवस हा एक थर. दुरुस्तीसाठी राखलेल्या जागेत दुरुस्ती फारशी होत नव्हती, ती जागा सामान ठेवायला वापरली जात होती. नकाशावर हे कधीच दिसले नसते.

या सगळ्याला खरे वजन येते ते माणसांच्या अवशेषांपाशी. अर्जेंटिनात लष्करी राजवट संपल्यावर बेपत्ता लोकांच्या कबरी सुरुवातीला यांत्रिक फावड्यांनी उकरल्या गेल्या. हाडे मोडली, एकमेकांत मिसळली, आणि कोणते हाड कोणाचे हे सांगणे अशक्य झाले. 1984 मध्ये हाडांवरून ओळख पटवणारे अमेरिकी मानवशास्त्रज्ञ क्लाइड स्नो तिथे गेले आणि त्यांनी तरुणांचा एक गट पुरातत्त्वाच्या पद्धतीत तयार केला. कुंचल्याने माती बाजूला करायची, सांगाडा जागच्या जागी पूर्ण उघडा करून त्याचे छायाचित्र आणि रेखाटन करायचे, मगच उचलायचे, सगळी माती बारीक चाळणीतून काढायची. बोटांची हाडे, दात आणि गोळ्या त्या मातीतच असतात. गोळी कवटीच्या आत सापडली की शेजारच्या मातीत, यावरून मृत्यूचे कारण बदलते, आणि एकदा ती जागेवरून हलली की तो फरक परत मिळवता येत नाही. 1985 मध्ये लष्करी प्रमुखांवर खटला चालला, तेव्हा स्नो यांनी अशा सांगाड्यांच्या आधारे न्यायालयात साक्ष दिली.